वहिनींची साक्ष

गुलाबराव टेंभुर्णे आधी वकील होते, मग आमदार झाले आणि शेवटी न्यायाधीश. तिन्ही कामं त्यांनी नीट केली असं रायपुरात आजही सांगतात, आणि सांगणारे काही खोटं सांगत नाहीत. वकील असताना त्यांनी उरल्याच्या कारखान्यांतल्या कितीतरी कामगारांना परत कामावर घ्यायला लावलं. आमदार असताना गुढ़ियारीच्या गल्ल्यांत नळ आणले. न्यायाधीश असताना कुणाकडून पेढ्याचा पुडासुद्धा घेतला नाही. माणूस असा स्वच्छ की बोट ठेवायला जागा नाही. जागा एकच होती, आणि ती त्यांच्याच घरात, थोरल्या भावाच्या बायकोच्या पोटात चाळीस वर्षं दडून बसली होती.

तिचं नाव सरला. १९७५ च्या मे महिन्यात, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळच्या एका खेड्यातून ती गुढ़ियारीत आली. पांढरी साडी नेसून, बुद्धाच्या मूर्तीसमोर वंदना घेऊन तिचं लग्न झालं होतं. नवरा दौलतराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. पहिल्याच दिवशी सासूने तिला घर दाखवलं, दोन खोल्या आणि एक पडवी, आणि म्हणाली, "पाहून घे पोरी. या घरात देव नाई. छप्पन्न साली दीक्षा घेऊन नागपुरावून आली, अन् होते नव्हते थे सारे पोत्यात घालून खारुन नदीत सोडून देल्ले. मांगं वळून पाह्यलं नाई."

सरलेला याचं नवल वाटलं नाही. तिच्या माहेरीही देव नव्हते. व्रत, उपास, सोवळं हे शब्द तिने फक्त शेजारणींच्या तोंडून ऐकलेले.

दीर गुलाब तेव्हा पंचवीस वर्षांचा, नुकताच वकील झालेला. दौलतरावांनी दुहेरी पाळ्या करून त्याला शिकवलं होतं. तात्यापारा मोहल्ल्यात अनंतराव नावाच्या एका जुन्या वकिलांच्या कचेरीत तो काम शिकायला बसायचा. त्याच्या गळ्यातले पांढरे बँड सरला रोज धुवायची, भाताच्या पेजेत बुडवून कडक करायची.

"वहिनी, तुमच्या हातचा बँड घातला का जजसाहेब पह्यले बँड पायतेत, मंग मले," तो म्हणायचा.

"मंग बँडलेच पाठवत जा ना. तुमी झोपा घरी," सरला म्हणायची. अशी थट्टा रोजची होती. तो तिला आईच्या खालोखाल मानायचा आणि ते दिसायचं.

अनंतरावांची साऱ्या कचेरीत ख्याती होती ती साक्षीदार तयार करण्यात. त्यांची रीत वेगळी होती. ते साक्ष पाठ करून घेत नसत. "पाठ केलेलं उलटतपासणीत फुटतं," ते शिकाऊ वकिलांना सांगत. "साक्षीदाराला त्या गोष्टीत चार महिने राहायला लावा. मग फोडणारा फोडत बसेल." गुलाबरावांनी ही विद्या गुरूपेक्षा चांगली उचलली.

१९८५ साली एका पक्षाने गुलाबरावांना राखीव जागेवर उभं केलं आणि ते अकराशे मतांनी निवडून आले. गल्लीत गुलाल उडाला. सरलेने दीडशे माणसांचा वरणभात रांधला. आणि महिन्याभरात, पडलेल्या उमेदवाराने जबलपूरला निवडणूक याचिका लावली.

तेव्हाचा कायदा असा होता की बौद्ध झालेल्या माणसाला अनुसूचित जातीत धरत नसत. धरायला लागले ते १९९० पासून. त्यामुळे पंच्याऐंशी साली राखीव जागा लढवायची, तर आपण हिंदू आहोत असं शपथेवर लिहून द्यावं लागे. गुलाबरावांनी तसं दिलं होतं. याचिकेत म्हटलं होतं, हा माणूस बौद्ध आहे, याची निवड रद्द करा. पुरावे दोन. एक, १९५७ च्या शाळेच्या रजिस्टरात गुलाबच्या नावापुढे जातीच्या रकान्यात लिहिलेला शब्द, 'बौद्ध'. त्या वर्षी गुढ़ियारीतल्या कितीतरी आयांनी मास्तरांसमोर उभं राहून तो शब्द लिहवून घेतला होता. पुढे त्यांच्या पोरांच्या शिष्यवृत्त्या त्याच शब्दापायी गेल्या, तरी खोडायला कुणी गेलं नाही. दुसरा पुरावा म्हणजे सरलेच्या लग्नातला एक फोटो. पांढऱ्या साडीतली नवरी मूर्तीसमोर बसलेली, आणि मागे मूर्तीला हार घालताना गुलाबराव. नवरदेव चौकटीच्या बाहेर राहिला होता.

"रजिस्टरचं मी पाहतो," अनंतराव म्हणाले. "मास्तर वारलेत, चूक त्यांच्या नावावर घालू. पण घरात काय पाळतात हे घरच्या बाईनेच सांगायला हवं. तुझी आई?"

"ब्याऐंशी साली गेली."

"मग वहिनी."

त्या संध्याकाळी गुलाबराव घरी आले ते सरळ चुलीजवळ येऊन बसले. दौलतराव दाराशी उभे. सरलेने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी काय सांगू?"

"का आपल्या घरी देव हायेत. दीक्षा कोणीच घेतली नाई."

"अन् आई नागपूरले गेल्या होत्या थे?"

"नातलगाकडं गेली होती म्हना."

"मेलेल्या माणसाच्या नावानं?"

दौलतराव म्हणाले, "एका दिवसाची गोष्ट हाये. पोट्ट्याचं सारं आयुष्य हाये."

गुलाबरावांनी खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. "वहिनी, काम झालं का भर समाजात उभा राहून सांगीन मी. का माह्या वहिनीनं माह्यासाठी खोटं बोललं, अन् मीच बोलाले लावलं. माह्या तोंडानं सांगीन."

एवढ्यावर सरला 'हव' म्हणाली. या एका वाक्याच्या बदल्यात.

जुलै शहाऐंशीमध्ये गोलबाजारातून लाकडी देव्हारा आला, पितळेचा बाळकृष्ण आला, तसबिरी आल्या. शिकवायला अनंतरावांची बायको शारदाबाई दर मंगळवारी यायच्या. त्यांना हे प्रकरण आवडलं नव्हतं, पण शिकवताना त्यांनी हात राखला नाही. दिवा कुठल्या बाजूला, निर्माल्य कधी काढायचं, हरतालिकेला, म्हणजे इथल्या तीजाला, काय खायचं नाही, वटसावित्री कोणत्या पौर्णिमेची. एकदा सरलेने बाळकृष्णाला भांड्यांबरोबर राखेने घासून पालथा घातला, तेव्हा शारदाबाई आधी दचकल्या आणि मग तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या.

"अगं, तो काय पेला आहे?"

"मले का मालूम बाई. पितळच हाये ना."

अनंतराव न सांगता यायचे आणि दारातूनच विचारायचे, "आज तिथी कोणती?" ती चुकली की तसेच परत जायचे. सप्टेंबरनंतर ती चुकली नाही. चार महिने ती रोज दिवा लावत होती, आणि रोज दिवा लावताना सासू मागे उभी आहे असं तिला वाटायचं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६. जबलपूर. समोरचा वकील उंच, गोरा आणि अतिशय मऊ बोलणारा होता.

"बहनजी, तीजा का उपवास कब खोलती हैं आप?"

"दूसरे दिन. सबेरे. पूजा उठाके."

"और वो फूल-पत्री? उसका क्या करती हैं?"

"नदी में छोड़ देती."

"कौन-सी नदी?"

"खारुन."

ती अडखळली नाही, कारण त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर फूल-पत्री नव्हती. पोतं होतं. वकिलाने मग फोटो पुढे केला.

"ये कौन है? आप ही हैं ना?"

"मेरी बहन है."

"सगी बहन? कहाँ रहती है, बुलवा लें?"

"मर गई," सरला म्हणाली.

मेलेल्या बहिणीच्या लग्नात पाहुणा म्हणून घातलेल्या हाराने काहीच शाबीत होत नव्हतं. वकिलाने फोटो खाली ठेवला आणि बसला.

बाहेर आल्यावर गुलाबरावांनी तिचा हात धरला. आनंदाने त्यांचे डोळे भरले होते. "वहिनी! 'मर गई' तर आमी शिकवलंच नव्हतं!"

निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यात चार ओळी सरलेवर होत्या: ही साधी, निष्कपट गृहिणी आहे, तिची साक्ष सहज आणि विश्वासार्ह आहे. हिंदी वर्तमानपत्रांनी त्या जशाच्या तशा छापल्या. गुढ़ियारीत घरोघरी वाचल्या गेल्या.

समोरच्याने दिल्लीला अपील केलं. अपील लटकलेलं असेपर्यंत देव्हारा हलवायचा नाही, असं अनंतरावांनी बजावलं. गुलाबराव भोपाळला आमदार निवासात राहायला गेले. देव्हारा सरलेच्या खोलीत राहिला. तीन वर्षं.

या तीन वर्षांत समाजाने आपला निवाडा करून टाकला. गुलाबरावांबद्दल कुणी वाईट बोललं नाही. नळ आले, रस्ता आला, पोरांना नोकऱ्या लागल्या. "दादाचा नाइलाज होता," माणसं म्हणायची, "कायदाच तसा होता." सरलेचं मात्र कुणाला पटेना. "थ्या बाईची साक्ष वाचली का? असं पाठ करून येत नाई कोणाले. थे आतूनच तशी हाये." अनंतरावांची विद्या इतकी उत्तम वठली होती. तिला नाव पडलं, देव्हारेवाली. ती पौर्णिमेला विहारात गेली की बायका सरकून बसायच्या, जागा द्यायला नाही, अंतर ठेवायला. ती चपला काढतात तिथे, दाराशी बसू लागली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, तिचा आवाज बसायचा. शेजारणी तेही पाहायच्या. "पाहा, येत बी नाई तिले."

१९९० साली गुलाबराव निवडणूक हरले, आणि लटकलेलं अपीलही आपोआप संपलं. त्याच वर्षी जूनमध्ये कायदा बदलला. ऑक्टोबरात मैदानावर हजारो माणसांसमोर त्यांनी बावीस प्रतिज्ञा खणखणीत आवाजात म्हटल्या, आणि माणसं रडली. सरलेने त्या सकाळी देव्हारा खाली उतरवून ठेवला होता. ती गर्दीत उभी राहून वाट पाहत होती. ते वाक्य आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. "भाऊजी, आता तं झालं ना काम. सांगा ना."

गुलाबरावांनी तिला बसवलं. आवाज खाली घेतला. "वहिनी, मले का सांगायचं नाई? पन शपथेवर खोटं बोलनं म्हंजे सात वर्षांची शिक्षा असते. बोलनारालेच असते. मी तुमाले आत कसा पाठवू?"

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती घाबरून घरी आली आणि दोन महिने दार वाजलं की दचकायची. नंतर तिच्या लक्षात आलं, की शिक्षा बोलायला लावणाऱ्यालाही असणार. पण तोवर गुलाबराव न्यायाधीश होण्याच्या परीक्षेला बसले होते. १९९२ च्या मार्चमध्ये त्यांची नेमणूक झाली, आणि मग सांगायचा प्रश्नच उरला नाही. न्यायाधीशाला सभेत बोलता येत नाही. न्यायाधीशाला समाजाच्या गोष्टीत पडता येत नाही. ते आता घरीही शुद्ध बोलायला लागले होते. "निवृत्त झालो की पहिलं काम हेच, वहिनी."

तिने ते मान्य केलं. अठरा वर्षं थांबायची तिने मनाची तयारी केली, आणि थांबली.

मधे एकदाच ती त्यांच्या कोर्टात जाऊन बसली. २००३ ची गोष्ट. मुलगा अश्विनच्या लग्नाची पत्रिका द्यायला ती गुलाबरावांच्या बदलीच्या गावी गेली होती. साहेब खुर्चीवर आहेत म्हणून शिपायाने तिला मागच्या बाकावर बसवलं. समोर पिंजऱ्यात एक छत्तीसगढ़ी मजूर बाई होती. दिराला वाचवण्यासाठी तिने खोटी साक्ष दिली होती आणि ती उघडी पडली होती.

"मोर देवर रिहिस साहेब," बाई म्हणत होती. "का करतेंव?" माझा दीर होता, काय करणार होते मी?

गुलाबरावांनी चष्मा काढून पुसला. या बाबतीत ते जिल्ह्यात प्रसिद्ध होते. फितूर आणि खोट्या साक्षीदारांना सोडत नसत, वर्तमानपत्रात त्यांचा फोटो यायचा. त्यांनी हिंदीत, संथपणे सांगितलं, की चोर फक्त वस्तू नेतो, खोटा साक्षीदार न्यायच उचलून नेतो. तीन महिने कैद. बाई पिंजऱ्याचा गज धरून खाली बसली.

नंतर आतल्या खोलीत चहा आला. गुलाबरावांनी पत्रिका हातात घेऊन कौतुकाने वाचली.

"थ्या बाईले तीन महिने?" सरलेने विचारलं.

"आत बसला होता तुम्ही? अरे वा." त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "तिथल्या तिथे द्यायला कायद्यात तीनच महिने आहेत वहिनी. जास्त असते तर जास्त दिले असते. बिस्कीट घ्या ना."

परतीच्या बसमध्ये सरला खिडकीशी बसून विचार करत राहिली, की यांना खरंच आठवत नाही, की आठवूनही असे बोलू शकतात. कोणतं जास्त वाईट हे तिला ठरवता आलं नाही.

२००९ मध्ये दौलतराव गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला सारा समाज आला, कारण दौलतराव साहेबांचे भाऊ होते. बायकांनी वंदना म्हटली. सरलेला कुणी म्हण म्हटलं नाही. पुढच्या वर्षी गुलाबराव निवृत्त झाले आणि लगेच एका आयोगावर बसले. "पदावर आहे वहिनी, थोडं थांबा." आयोग सहा वर्षं चालला. मग पुस्तक सुरू झालं. "आत्मचरित्र लिहितोय. त्यात सविस्तर येईल. बोलण्यापेक्षा लिहिलेलं टिकतं." सरला साठीची झाली, सत्तरीला आली. तिच्या बरोबरीच्या बायका एकेक करून गेल्या. ज्यांनी तिला नाव ठेवलं होतं त्या गेल्या, नाव राहिलं. आता तरुण पोरी तिला देव्हारेवाली आजी म्हणायच्या, आणि त्यांना का ते माहीतही नव्हतं.

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५ ला गुलाबरावांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला. त्याच्या आधी पंधरा दिवस सरला त्यांच्या बंगल्यावर गेली. गुलाबरावांची बायको नीलिमाबाई, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

"भाऊजी, मी आता किती दिसाची?" सरला म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. एकच वाक्य हाये."

"या वेळी बोलणार आहे," गुलाबराव म्हणाले. "तुमच्यावरच बोलणार आहे वहिनी. नीलिमा, सांग यांना. भाषणात लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय ताई. मी स्वतः टाईप करून घेतलंय," नीलिमाबाई म्हणाल्या. "पहिल्या रांगेत बसा तुम्ही. तुम्हाला वर बोलवायचं आहे."

त्या पंधरा दिवसांत सरला दोनदा हसताना दिसली, असं अश्विनच्या बायकोने नवऱ्याला सांगितलं.

सभागृह भरलं होतं. सरला पहिल्या रांगेत, कडक पांढऱ्या साडीत. मानपत्र झालं, भाषणं झाली, आणि गुलाबराव उठले. नळ, उरल्याचे कामगार, भोपाळ, दिल्ली, सगळं आलं. मग त्यांनी पान उलटलं.

"आता एक गोष्ट, जी मी कधी बोललो नाही," ते म्हणाले. सरलेने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. "आमच्या घरी धम्म आला तो आईबरोबर. पण घरातला प्रत्येक जण त्याच वेगाने चालतो असं नाही. माझ्या सरला वहिनी जुन्या वळणाच्या होत्या. त्यांचा देवधर्म होता, उपास होते. मी कधी जबरदस्ती केली नाही. न्यायालयात त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी जे पाळत होत्या तेच सांगितलं. लोकांनी त्यांना बोल लावले. पण मित्रहो, खरं सांगणाऱ्या माणसाला मी आयुष्यात कधी शिक्षा केली नाही. नंतर त्याही या मार्गावर आल्या. आज मी मोठ्या मनाने त्यांना माफ करतो, आणि समाजालाही विनंती करतो, की झालं गेलं विसरा. वहिनी, वर या."

टाळ्या पडल्या. माणसं उभी राहिली. काही बायकांनी डोळे पुसले. नीलिमाबाईंनी खाली येऊन सरलेचा दंड धरला आणि तिला पायऱ्या चढवल्या. शाल अंगावर पडली. कुणीतरी तोंडापुढे माईक धरला, दोन शब्द बोला आजी.

सरला म्हणाली, "माह्या घरी देव नव्हते."

सभागृहात कुजबुज झाली.

"नव्हते देव. मी खोटं बोलली होती. चार महिने शिकवलं मले. यायनंच आनला देव्हारा. यायच्यासाठीच बोलली मी."

मग गुलाबराव हसले, प्रेमाने, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे, आणि त्यांनी दुसरा माईक घेतला.

"वहिनी, एक विचारू? कोर्टात शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"घेतली होती."

"अन् आज घेतली आहे का शपथ?"

"नाई."

"मग शपथ घेऊन सांगितलं ते खोटं, आणि शपथ न घेता सांगता ते खरं. असंच ना?" हशा पिकला. "बरं, तेव्हा खोटं बोललात म्हणता. म्हणजे तुम्ही खोटं बोलू शकता. मग आज बोलत नाही, हे या मंडळींनी कशावरून समजायचं?"

सरलेने तोंड उघडलं. तो प्रश्नच असा बांधलेला होता की उत्तर नसावं. तिने कितीदा ऐकलं होतं, घरात जेवताना, तरुण गुलाब असे प्रश्न भावाला रंगवून सांगायचा आणि तीही हसायची.

"सत्तर वर्षांचं वय आहे," गुलाबराव सभेला म्हणाले. "आठवणी सरमिसळ होतात. टाळ्या द्या वहिनींसाठी." आणि पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. निवेदकाने जेवणाची घोषणा केली.

खाली अश्विनने तिला धरलं. तो काकांच्या शब्दावर सरकारी कचेरीत लागलेला होता. "आई, कायले बोलली तू? इतने लोगों में. चल, घर चल."

"तुले तरी खरं वाटते का?"

"मले का मालूम आई," अश्विन म्हणाला. "मी लहान होतो. मले तं घरात देव्हारा आठवते."

तीन आठवड्यांनी विहार समितीतली मोनाली सरलेकडे आली. पंचविशीची पोरगी, बँकेत कामाला, बोलायला गोड. "आजी, खुशखबर आहे. समितीनं ठरवलं, यंदा बुद्धपौर्णिमेची वंदना तुम्ही घ्यायची. सगळ्यांत पुढं बसून. साहेबांनी माफ केलं तर आपण कोण? फक्त यावर सही पाहिजे. साहेबांनीच लिहून दिला कागद."

कागद सुबक टाईप केलेला होता. मी, सरला दौलतराव टेंभुर्णे, वय सत्तर, राहणार गुढ़ियारी, लिहून देते की सन १९९० पर्यंत मी माझ्या मर्जीने हिंदू रूढी पाळत होते, त्याबद्दल समाजाची माफी मागते, आणि सभेतील माझे विधान वयोमानामुळे झाले होते. सरला सातवीपर्यंत शिकलेली होती. तिने दोनदा वाचलं.

"याच्यावर सही केली का पुढं बसू देता?"

"हो ना आजी."

"अन् नाई केली तं?"

मोनाली ओशाळली. "मग समितीले अडचण होते."

सरलेने पेन मागितलं. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, मोठ्या मोठ्या अक्षरांत, सगळं लिहिलं. सासूचं पोतं, देव्हारा कुणी आणला, शारदाबाई, मंगळवार, खारुन, मेलेली बहीण जी ती स्वतः होती, आणि चुलीजवळ पायांना हात लावून दिलेला शब्द. लिहायला तिला पाऊण तास लागला. मोनाली मोबाईल पाहत बसली होती. खाली सही करून सरला म्हणाली, "हे साहेबाले दे. म्हण, खोटं असंल तं खोटं म्हणून लिहून द्या."

पाच दिवसांनी मोनाली कागद परत घेऊन आली. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली होती, तरी हातात अर्ज आला की गुलाबरावांकडून त्यावर शेरा मारल्याशिवाय राहवत नसे; सोसायटीच्या नोटिशीवर, वीजबिलावरसुद्धा ते मारत. सरलेच्या लिखाणाखाली लाल शाईत तीन शब्दसमूह होते. "वाचले. मुदतबाह्य. दप्तरी दाखल." त्याखाली लांब शेपटीची सही आणि तारीख.

"मुदतबाह्य म्हंजे काय आजी?"

"उशीर झाला म्हंते." सरलेने चष्मा लावून त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. "वाचले असं हाये ना लिवलेलं?"

"हो."

"खोटं हाये, असं लिवलं का कुठी?"

मोनालीने पुन्हा पाहिलं. उलटूनही पाहिलं. "नाही. ते नाही लिहिलं."

"नाईच लिवनार. उशीर झाला म्हणून जे काढून टाकतेत ना पोरी, थ्याच्यात खरं का खोटं हे कोनी पाह्यतच नाई. जज मान्सानं वाचलं, अन् खोटं म्हटलं नाई. अन् खाली सही केली." चाळीस वर्षांत एवढंच तिच्या हाती आलं होतं. "सही हाये त्याची, पाह्य."

"हो ना आजी, साहेबांचीच सही आहे," मोनाली समजुतीने म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून उठली. "म्हणजे आता यात काही होऊ शकत नाही."

१२ मे ला, बुद्धपौर्णिमेची वंदना नीलिमाबाईंनी घेतली.